कोळेकरवहिनींची पिल्लं

कोळेकरवहिनींनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "पिल्लू बगायला आलाय, का न्यायला?"

"न्यायला," मी म्हणालो.

"मग आज जावा. नुसतं बगावं वाटंल तवा या."

एवढं बोलून त्यांनी फाटकाला कडी घातली. मी, माझी बायको नीता आणि सात वर्षांची ईशा, तिघंही शुक्रवारचे चांगले कपडे घालून बाहेर उभे. ईशाने तर पिल्लासाठी गुलाबी पट्टासुद्धा आणला होता. मी गाडी वळवत होतो तेवढ्यात वहिनी पुन्हा फाटकाशी आल्या. हातात तीन स्टीलचे पेले. "च्या घिऊन जावा," म्हणाल्या. "पिल्लाला न्हाई म्हटलंय, च्याला न्हाई." फाटकाच्या गजांतून आम्ही पेले घेतले, उभ्याउभ्या चहा प्यायलो आणि घरी आलो. वाटेत नीता एवढंच म्हणाली, "बाई चमत्कारिक आहे. पण चहा छान होता."

ही सत्त्याण्णवच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी रास अल खैम्यात टाइल्सच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो आणि कोळेकर आमचे स्टोअरकीपर. माणूस इतका शांत, की स्टोअरमध्ये ते आहेत की नाहीत हे पंखा चालू आहे का त्यावरून ओळखायचं. कंपनीच्या कॉलनीत बहुतेक मराठी, मल्याळी, गुजराती कुटुंबं राहायची, पण कोळेकर तिथे राहत नसत. गावाच्या आतल्या बाजूला, डोंगरांच्या अलीकडे, अबू सालेम नावाच्या एका म्हाताऱ्या अरबाचा मझरा होता, म्हणजे खजुराची आणि चाऱ्याची शेती. तिच्या कडेला कौलाविना चार खोल्यांचं जुनं घर. तिथे हे दोघं राहायचे, कारण कॉलनीत कुत्री ठेवायची परवानगी नव्हती. मूलबाळ नव्हतं. कॉलनीतल्या बायका वहिनींना मागे 'कुत्रेवाल्या' म्हणायच्या. एकदा हळदीकुंकवाला कुणी तरी तोंडावरच म्हणालं, तर वहिनींनी शांतपणे वाण घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय, कुत्रेवाली. तुमी कशावाल्या?"

वहिनी उंच, काटक, पंचेचाळिशीच्या. नायलॉनची साडी गुडघ्याच्या वर खोचलेली आणि पायात कोळेकरांचे जुने सेफ्टी शूज, पुढे लोखंडी टोपण असलेले. काट्यांसाठी, म्हणायच्या. हळदीकुंकवालाही तेच बूट. मूळच्या जतकडच्या. वडील माळावर मेंढरं राखायचे आणि कारवानी कुत्री पाळायचे. लांब तोंडाची, कंबर आत गेलेली, वाऱ्यासारखी पळणारी ती कुत्री माळावरचा ससा धरायची. वहिनी लहानपणापासून वडिलांच्या मागे माळ तुडवत फिरलेल्या. शाळा चौथीपर्यंत. पण कुत्र्याचा खांदा, छाती आणि पंजा याबद्दल त्या बोलायला लागल्या, की एखादा सर्जन बोलतोय असं वाटायचं.

त्यांच्याकडे हरणी नावाची सलुकी कुत्री होती. सलुकी म्हणजे आपल्या कारवानीचीच अरबी बहीण. अबू सालेम शर्यतीसाठी सलुकी पाळायचा, कारण शिकारीला तिथे केव्हाच बंदी आली होती. सलुकीला तो 'कलब' म्हणजे कुत्रा असं कधी म्हणत नसे, इतका त्यांचा मान. पण हरणीचा पुढचा पाय शर्यतीत मोडला आणि मान संपला. पिकअपच्या मागे टाकून तिला वाळवंटात सोडायला निघाले होते. वहिनी इथे येऊन दोनच महिने झालेले. अरबी येत नाही, हिंदी येत नाही. त्या पिकअपच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, हात जोडले. बाई हलेना. शेवटी अबू सालेम स्वतः घरातून आला. वहिनींनी कुत्रीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. म्हातारा म्हणाला, "खलास, लेके जाओ."

खजुराच्या झावळीच्या दांड्यांचे तुकडे आणि साडीच्या पट्ट्या बांधून वहिनींनी तो पाय बसवला. दीड महिना कुत्रीला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. पाय जरा वाकडा राहिला, पण हरणी चालायला लागली, मग पळायला. एक दिवस वहिनी तिला घेऊन अबू सालेमच्या बैठकीत गेल्या आणि तिला त्याच्या समोर पळवून दाखवलं. म्हाताऱ्याने पाय चाचपून बघितला. तेव्हापासून त्याची कुठलीही सलुकी लंगडली, की तो डॉक्टरच्या आधी वहिनींना हाक मारायचा. दोघं काय भाषा बोलायचे देव जाणे. थोडं अरबी, थोडं हिंदी, उरलेलं जतचं मराठी. पण भांडायचे व्यवस्थित.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते पिल्लांवरून. मझऱ्यावर शेळ्या राखणारा काळू नावाचा एक जाड केसाचा, थोराड, शहाणा कुत्रा होता. वहिनींनी हरणीची पिल्लं त्याच्यापासून होऊ दिली. अबू सालेमला ते रक्त बाटवणं वाटलं. महिनाभर तो बोलला नाही. वहिनींचं म्हणणं साधं होतं. नुसतं सलुकीचं पिल्लू पळतं, पण एकदा पळालं की हाक ऐकत नाही. शेळ्यांचा कुत्रा हाक ऐकतो, पण त्याला पळता येत नाही. "पाय आईचे येऊ द्यात, डोकं बापाचं," त्या म्हणायच्या. "घरात निजणारं आन माळावर धावणारं कुत्रं असंच हुतं. आमचा बा असंच करायचा. रक्त बाटलं म्हनून कुनी त्याला वाळीत न्हाई टाकला."

तर ती चार पिल्लं. ईशाला कुत्रा हवा होता, नीताची तयारी होती, आणि मी कोळेकरांना विचारल्यावर त्यांनी "शुक्रवारी या, पण द्यायचं का ते ती ठरवेल" एवढंच सांगितलं होतं. आम्हीही कॉलनीत राहत नव्हतो. कारखान्यापासून लांब, मागे अंगण असलेलं घर आम्ही घेतलं होतं. माझ्या मते आम्ही सगळ्या अटींत बसत होतो.

दुसऱ्या शुक्रवारी मी फाटकाशी जाऊन म्हणालो, "वहिनी, नुसतं बघायला आलोय." फाटक उघडलं.

त्यांनी आम्हाला अंगणात खाली बसवलं आणि सांगितलं, कुणी पिल्लाला हाक मारायची नाही, उचलायचं नाही, अर्धा तास. नीताची कॉटनची साडी मातीत. पिल्लांतली सोनेरी मादी सगळ्यात देखणी होती. ती धावत आली आणि ईशाच्या मांडीवर चढली. ईशा माझ्या कानात म्हणाली, "बाबा, शी चोज मी. प्लीज."

वहिनींना इंग्रजी कळत नव्हतं, पण अर्थ कळला. "पोरी, ती मघाशी दूधवाल्याच्या बी मांडीवर चढली हुती," त्या म्हणाल्या. "अजून बग."

मग त्यांनी आम्हालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. दिवसा घरात कोण असतं? उन्हाळ्यात सुट्टीला भारतात जाता तेव्हा कुत्रं कुणाकडे? अंगणाची भिंत किती उंच? ईशाने रागावून एखादी वस्तू फेकली तर तिला कोण ओरडतं, आई का बाप? मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "घरात आरडाओरडा आसंल तर सांगा. हे कुत्रं आवाजाला भेतं. माळावर कोल्ह्याला भेत न्हाई, पन मानूस चिडला की पलंगाखाली जातं."

असे सात शुक्रवार गेले. त्या सात शुक्रवारांत आम्ही शिकलो ते आजही माझ्या लक्षात आहे. वहिनी पिल्लाचा पंजा हातात घेऊन बोटं दाबून बघायच्या, घट्ट आहेत का पसरट. पसरट पंजा वाळूत फाटतो. खांद्याची पाती मागे झुकलेली हवी. छाती खोल हवी, पण रुंद नको. फार उंच कुत्रं घेऊ नका, वळताना पडतं. आणि नावाबद्दल त्यांचा एक नियम होता. ईशाने वहीत नावं लिहून आणली होती, पहिलं नाव स्नोफ्लेक. वहिनींनी ते तीनदा म्हणून बघितलं आणि म्हणाल्या, "दोन अक्षरांचं ठेव, बाय. येवढी हाक मारस्तवर ससा कर्नाटकात जातो."

आठव्या शुक्रवारी त्यांनी ईशाला विचारलं, "कंचं?"

ईशाने सोनेरी पिल्लाकडे बघितलंही नाही. कोपऱ्यात एक पट्टेरी मादी होती. तिला जवळ यायला पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली, नंतर पंधरा, नंतर पाच. पण एकदा आली की ईशाच्या पायाला पाठ लावून बसायची आणि उठायची नाही. "ती," ईशा म्हणाली. मराठीत म्हणाली.

"आता पोरगी शिकली," वहिनी म्हणाल्या. त्या पट्टेरी पिल्लाचं नाव रेवा.

याच दिवसांत हॅरिसन आला. आमच्या भट्टी विभागाचा तो इंग्रज इंजिनिअर, साठीला आलेला, निवृत्त होऊन उत्तर इंग्लंडमधल्या आपल्या गावी परतणार होता. जेवणाच्या सुट्टीत मी पिल्लांबद्दल बोललो, तेव्हा त्याने डबा बाजूला ठेवला. हा सगळा प्रकार त्याच्या गावच्या 'लर्चर' कुत्र्यांसारखा आहे, असं तो म्हणाला. पळणारं आणि राखणारं अशा दोन जातींचं मिश्रण. लहानपणी त्याच्या वडिलांकडे फेरेट होते, पण लर्चर पाळणं त्यांना कधी जमलं नाही. आयुष्यात एकदा लर्चर पाळायचा, एवढीच त्याची इच्छा उरली होती. नातवंडं होती, ससे होते, फक्त कुत्रा नव्हता.

मी त्याला घेऊन गेलो आणि दुभाषा झालो. फेरेट म्हणजे काय हे वहिनींना सांगताना माझी तारांबळ उडाली. मुंगसासारखा लांब, पांढुरका प्राणी, म्हणालो. हॅरिसनने मग स्वतःच करून दाखवलं. एका पोत्याचं तोंड म्हणजे बीळ. हात म्हणजे फेरेट. तो बिळात शिरतो. आत ससा घाबरतो आणि दुसऱ्या तोंडातून सुसाट बाहेर पडतो. तिथे जाळं लावलेलं असतं.

"मंग कुत्र्याचं काम काय?" वहिनींनी विचारलं.

"थांबणं," मी हॅरिसनचं उत्तर सांगितलं. "जाळ्याशेजारी न हलता, न भुंकता थांबायचं. जाळ्यातून एखादा निसटला तर त्याच्यामागे जायचं. आणि बिळातून फेरेट बाहेर आला तर त्याला अजिबात तोंड लावायचं नाही."

वहिनींनी पोत्याचं तोंड उघडून आत बघितलं. त्यांच्या माळावरचा ससा बिळात जात नाही. तो उघड्यावर पळतो आणि कुत्रं त्याच्या मागे सुटतं. थांबणारं कुत्रं त्यांनी कधी घडवलं नव्हतं. पण प्रश्न त्यांना लगेच कळला. त्या उठल्या, एक कोंबडी आणून अंगणात सोडली आणि तिच्या पायाला सुतळी बांधून खुंटीला अडकवली. तीन पिल्लं उरली होती. सोनेरी मादी झेपावली. दुसरं पिल्लू भुंकत राहिलं. तिसरा काळा नर होता. तो कोंबडीपासून हातभर लांब बसला, तिच्याकडे बघत राहिला आणि शेवटी मान वळवून वहिनींकडे बघायला लागला.

"ह्यो," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या तोंडात खुबूसची अख्खी पोळी दिली आणि अंगणभर चालवलं. परत घेतली तेव्हा पोळीवर दाताची खूण नव्हती. "तोंड मऊ हाय. तुमच्या फिरटीला काय व्हनार न्हाई."

सगळं ठरलं आणि तिथेच मोडलं. वहिनींनी सहज विचारलं, विमानातून उतरल्यावर कुत्रं थेट घरी ना? हॅरिसनने मान खाली घातली. त्याच्या देशाचा कायदा होता, बाहेरून आलेला कुत्रा सहा महिने सरकारी नियमाच्या कुत्राघरात ठेवायचा. मी ते मराठीत सांगितलं. वहिनींनी त्याच्या हातातलं पिल्लू काढून घेतलं.

"सा म्हैने? कोंडून?"

"कायदा आहे, वहिनी."

"त्यांचा आसंल. माज्या कुत्र्यानं काय गुन्हा केलाय?"

दोन शुक्रवार त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. हॅरिसन येत राहिला. फाटकापाशी टोपी काढून उभा राहायचा, चहा प्यायचा, जायचा. तिसऱ्या शुक्रवारी तो एक जुना लोकरी स्वेटर घेऊन आला. कुत्राघराच्या जवळच एक खोली घ्यायची त्याने ठरवलं होतं. भेटायला परवानगी असते, आपण रोज जाऊ, आणि हा स्वेटर आजपासून पिल्लाच्या अंथरुणात राहू दे, तिकडेही हाच राहील. बायकोलाही विचारलं होतं. ती म्हणाली होती, चाळीस वर्षं तुझी वाट बघितली, आणखी सहा महिने बघते.

मी हे सगळं सांगितलं. वहिनींनी स्वेटर नाकाला लावला. "धुतल्याला न्हाई ना?" त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. "बेस केलं," त्या म्हणाल्या आणि काळा नर त्याला दिला. पुढल्या वर्षी फोटो आला. गवताळ उतार, बिळावर जाळं, त्याच्या शेजारी काळा कुत्रा दगडासारखा बसलेला आणि त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मधे पांढरा फेरेट. मागे एक लहान मुलगी कुत्र्याची शेपटी धरून उभी. वहिनींनी तो फोटो देवाच्या फळीवर ठेवला. कोळेकर म्हणाले, शिकारीचा आहे, देवाजवळ नको. वहिनी म्हणाल्या, "खंडोबाला चालतंय."

भुंकणारं पिल्लूही एका घरी गेलं. राहिली ती सोनेरी मादी, आणि तिच्यावरून जे झालं ते सांगायला मला अजून अवघड जातं.

आमच्या जनरल मॅनेजरच्या मुलाचा वाढदिवस होता. साहेबांना कुणी तरी सांगितलं, कोळेकरकडे सलुकीची पिल्लं आहेत. गुरुवारी दुपारी त्यांची मोठी पांढरी गाडी मझऱ्यावर गेली. ड्रायव्हरच्या हातात रिबीन लावलेली टोपली. साहेबांनी सोनेरी रंगाचं पिल्लू मागवलंय, म्हणाला. वहिनींनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि टोपली रिकामी परत पाठवली. निरोप दिला, साहेबांनी मुलाला घेऊन शुक्रवारी यावं आणि बसावं. इतर बसले तसं.

शनिवारी साहेबांनी मला बोलावलं. कोळेकरांना नाही, मला. मी मराठी, माझं येणं-जाणं. "समजावून सांगा जरा," म्हणाले. "कोळेकरचं व्हिसा रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे." आवाज अगदी गोड होता.

मी गेलो. आज लिहिताना वाटतं, नाही म्हणता आलं असतं. मी अंगणात उभा राहून ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. वहिनी पिल्लांचं भांडं घासत होत्या. त्यांनी ते पूर्ण घासून पालथं घातलं, हात पुसले.

"भावजी, तुमी आज भावजी म्हनून आलाय, का कारखाना म्हनून?"

 "रेवा तुमच्याकडंच ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "त्येचा आन ह्येचा संबंध न्हाई. पन पुन्यांदा दुसऱ्याचं तोंड घिऊन माज्या दारात येऊ नगा."

दोन दिवसांनी त्या स्वतः कारखान्यात आल्या. साडी, सेफ्टी शूज, डोक्यावर पदर. रिसेप्शनवरच्या मुलीला काही कळायच्या आत साहेबांच्या केबिनमध्ये. मी फाइल घेऊन आतच होतो. साहेबांनी हसून खुर्ची दाखवली. वहिनी बसल्या नाहीत. हिंदी तोडकं होतं, पण एकही शब्द अडखळला नाही.

"साब, मेरे मालिक का व्हिसा तुम्हारे हाथ में है. कुतिया का नहीं है. वो मेरे हाथ में है."

"अरे भाभीजी, एक कुत्ते के लिए…"

"कुत्ते के लिए गाडी तुमने भेजी. मैंने नहीं भेजी."

आणि निघून गेल्या. दार त्यांनी हळू लावलं.

संध्याकाळपर्यंत कोळेकरांच्या हातात पत्र पडलं. पत्नीच्या वर्तनाबद्दल लेखी माफी मागावी, असा मजकूर. आम्हा सगळ्यांना खात्री होती की कोळेकर सही करतील. हा माणूस जेवणाच्या रांगेतही मागच्याला पुढे जाऊ द्यायचा. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, स्टोअरच्या टेबलावर ठेवलं आणि खाली आपल्या सुवाच्य इंग्रजी अक्षरात एकच ओळ लिहिली. माझी पत्नी जे बोलली, ते मीच बोललो असे समजावे. खाली सही, तारीख, एम्प्लॉयी नंबर.

मग पंखा बंद करून ते घरी गेले.

त्यांना काढलं नाही. तेवढं करायला कारण लागलं असतं. त्यांची बदली झाली दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या नव्या गोदामावर. तिथे राहायला एका खोलीत चौघं, कुटुंबाला जागा नाही. कॉलनीत सगळ्यांना वाटलं, आता वहिनी भारतात परत जातील. वहिनी मझऱ्यावरच राहिल्या, एकट्या. घरभाड्याचा भत्ता बंद झाला, पण अबू सालेमने भाड्याचं नाव काढलं नाही. उलट मॅनेजरचा एक माणूस घर रिकामं होणार का विचारायला आला, तेव्हा म्हातारा काठी घेऊन फाटकापर्यंत गेला. रक्त बाटवल्याचा राग त्या दिवशी संपला असावा. कोळेकर दर गुरुवारी संध्याकाळी दोन बस बदलून यायचे आणि शुक्रवारी रात्री परत जायचे. साडेचार वर्षं.

याच काळात एका शुक्रवारी फाटकाशी टॅक्सी थांबली. साहेबांची बायको उतरली, मुलाला घेऊन. नवऱ्याला न सांगता आली होती. आम्ही अंगणातच होतो. नीताने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, वहिनी कडी लावतील. त्यांनी फाटक उघडलं आणि म्हणाल्या, "या. खाली बसा."

ती बाई रेशमी सलवार-कमीजमध्ये मातीत बसली. असे तीन शुक्रवार आली. मुलगा चांगला होता, हळू हाताचा. सोनेरी कुत्री एव्हाना मोठी झाली होती आणि त्याच्या मागे-मागे फिरायची. तिसऱ्या शुक्रवारी वहिनींनी त्या बाईला जवळ बसवून सांगितलं, मी त्याचं हिंदी करत गेलो. "पिल्लू मिळनार न्हाई. तुमी चांगल्या हाय, पोरगं गुणाचं हाय. पन घरात कुत्रं कुनाचं आयकनार? ज्येचा आवाज मोठा त्येचं. त्यो आवाज मी आयकलाय."

त्या बाईने ओढणीला लागलेली माती झटकली. मग म्हणाली, "मला माहीत होतं. तरी आम्ही शुक्रवारी आलो तर चालेल?"

"न यायला काय झालं," वहिनी म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. साहेबांची बदली होईपर्यंत ती दोघं येत राहिली. सोनेरी कुत्री वहिनींकडेच वाढली आणि पुढे अबू सालेमच्या नातीने तिला मागून घेतलं. रीतसर, आठ शुक्रवार बसून.

दोन हजार दोनमध्ये अबू सालेम वारला. मुलांनी मझरा विकायला काढला. कोळेकरांनीही पंचावन्न पूर्ण केली होती. त्यांनी राजीनामा दिला आणि दोघं जतला परतायला निघाले. कॉलनीतल्या लोकांनी वहिनींना समजावलं की हरणी आता म्हातारी झाली, बारा वर्षांची, तिला कुणाकडे तरी ठेवा किंवा डॉक्टरकडून शांतपणे झोपवा. विमानाचा प्रवास, कागदपत्रं, कशाला एवढं. नीताही एकदा बोलली. वहिनी हरणीच्या आंधळ्या होत चाललेल्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत राहिल्या.

सामान आणि माणसं मी माझ्या गाडीतून शारजा विमानतळावर नेली. ईशा तेव्हा बारा वर्षांची, मागच्या सीटवर रेवाला घेऊन बसली होती, कारण आईची आणि लेकीची शेवटची भेट झालीच पाहिजे असा तिचा हट्ट. कार्गो विभागात सगळे कागद तपासले आणि खिडकीतल्या माणसाने एक कागद परत सरकवला. एक शिक्का कमी होता. तो देणारं ऑफिस दुपारी बंद झालेलं. कुत्रं आज जाणार नाही.

कोळेकरांनी घड्याळ बघितलं. बोर्डिंग दीड तासावर. दोघांची तिकिटं बदलता येणारी नव्हती. मी म्हणालो, हरणीला आम्ही ठेवतो, शिक्का घेतो आणि मागून पाठवतो. मी ते मनापासून म्हणालो होतो, आणि वहिनींना ते कळलंही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमी पाठवाल, भावजी. पन तिला काय सांगाल?"

त्यांनी कोळेकरांना बॅगा देऊन पुढे पाठवलं. कोळेकर गेले. काचेच्या दारातून वळून त्यांनी एकदा मान हलवली, बस. वहिनी कार्गोच्या खिडकीसमोर परत येऊन उभ्या राहिल्या. खिडकीतला माणूस म्हणाला, मॅडम, उद्या. त्या म्हणाल्या, "कल तक इधरइच." तो म्हणाला, इथे थांबायची परवानगी नाही. त्या म्हणाल्या, "मग द्या." मराठीतच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी शिक्का मिळाल्यावर, नवं तिकीट काढून त्या हरणीला घेऊन गेल्या, हे मला कोळेकरांच्या फोनवरून कळलं. दोन रात्री त्यांनी त्या कार्गोच्या आवारात काढल्या होत्या. हरणी जतच्या उन्हात आणखी वर्षभर जगली. पण तो फोन येण्याच्या आधीची, त्या दुपारची वहिनींची आठवण माझ्याजवळ आहे. आम्हाला त्यांनी घरी हाकललं होतं. पोरीची शाळा, म्हणाल्या, आणि तुम्ही सोबत असलात तर हे लोक तुमच्याशीच बोलतील, माझ्याशी नाही. गाडी बाहेर काढताना मी वळून बघितलं. जाळीच्या पलीकडे, पत्र्याच्या सावलीत त्या उभ्या होत्या. आजूबाजूला फोर्कलिफ्ट फिरत होती, खोकी चढत होती, उतरत होती. तोच खिडकीतला माणूस बाहेर आला होता, ज्याने त्यांना तीनदा जायला सांगितलं होतं. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या डब्यात पाणी होतं. त्याने डबा वहिनींच्या पुढे धरला. वहिनींनी आधी त्यात बोट बुडवून बघितलं, मग पदराने हरणीच्या पिंजऱ्याच्या दाराची धूळ पुसली आणि डबा आत सरकवला. पाणी संपेपर्यंत तो माणूस तिथेच उभा राहिला, आणि वहिनी त्याच्याशी काही तरी बोलत होत्या. तो मान डोलावत होता.